नाद

बजाजनगरात, दुसऱ्या माळ्यावर, कूलरच्या घरघरीत
मी सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवते.
फ्रान्स पाहिलेलं नाही.
आहेत त्या दोन कॅसेटी,
कॉलेजच्या लायब्ररीने रद्दीत काढलेल्या.
एकीची फीत पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून
तिच्यातली बाई आता खोल विहिरीतून गाते.
तरी दर बॅचला ऐकवते,
म्हणते, ‘र’ बघा कसा घशातून येतो,
गुळणी करतो ना आपण, तसा.

यंदा मात्र साक्षात फ्रेंच माणूस मिळाला.
मिहानमध्ये विमानांच्या सुट्या भागांवर काम करणारा,
खामल्यात भाड्याने राहणारा, ब्रेस्टचा माएल.
एप्रिलचा रविवार, पारा चव्वेचाळीस.
डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून आला.
कुणी बांधून दिला, विचारलं,
तर म्हणाला, पोहेवाल्याने.

विशाखा खोब्रागडेने प्रश्न पाठ केला होता,
लिंग, वचन, सगळं तपासून :
तुमच्याकडची कुठली गाणी तुम्हाला आवडतात?
तो मोजायला लागला,
त्यांच्या रीतीने, अंगठ्यापासून.
लंडनची एक चौकडी.
स्वीडनचा कुणी एक, एकटाच गाणारा.
लॉस एंजेलिसची एक मुलगी,
तिच्यासाठी पॅरिसला अकरा तास रांगेत, भर पावसात,
आणि पुढेमागे उभ्या लोकांनाही
इंग्रजी धड येत नव्हतं.
करंगळीच्या आधीच सोलच्या पाच पोरी आल्या.

आणि फ्रेंच? मी विचारलं,
म्हणजे जवळजवळ दरडावलंच.
ती आजोबा गाडीत लावायचे, तो म्हणाला.
रेडिओवर असतात, कायद्यानेच वाटा ठेवलाय त्यांना.
तेवढ्यात आम्ही स्टेशन बदलतो.

सव्वीस वर्षं ज्या घराची वाट पुसत होते
त्या घरचा पोरगा
मागच्या दाराने केव्हाच बाहेर पडलेला.

“सर, थ्या पाच पोरीयचं होय का, हे?”
मागून सुयोग डेकाटेने मोबाइल वर केला.
आणि मग ब्रेस्ट, गोपालनगर, जरीपटका, टेका नाका
एका सुरात, चुकीच्या कोरियनमध्ये,
हातांच्या त्या खुणांसकट.
गप्प होतो आम्ही पाच जण :
मी, फळा, खडू
आणि त्या दोन कॅसेटी.

अर्थ काय गं याचा?
“काय माहीत मॅडम,” विशाखा धापा टाकत म्हणाली,
“अर्थ पाहाले गेलं की मजा जाते न.”
त्याला उलथा करून सांगितलं.
तो एकदम गंभीर झाला.
न कळणाऱ्या गाण्यात असं गुंतून पडायचं,
याला तुमच्याकडे शब्द आहे?

आधी फ्रेंचमध्येच शोधला, सवयीने.
क्रियापदं आली, सगळी थोडी थोडी आखूड.
मग आठवली तांडापेठ,
मागाची खटखट, कांड्या भरणारी आई
आणि रात्री खरखरत लागणारं
दूरचं तमिळ स्टेशन.
एक अक्षर कळायचं नाही तिला.
चरखा थांबायचा, बाबा आतून ओरडायचे :
“काहून वं, हा कोणता नाद लागला तुले?”

फळ्यावर लिहिलं, नाद.
सांगितलं, एक अर्थ आवाज.
दुसरा, जे सुटत नाही ते.
त्याने वहीत उतरवलं, दोनदा गिरवलं.
जिना उतरताना खालून हाक मारून खात्री करून घेतली,
“मॅडम, तर्रीचा पण नाद?”
तर्रीचा पण, म्हटलं.

आज सोमवार. बॅच नाही.
कॅसेट लावली. विहिरीतली बाई गायला लागली.
तिचे शब्द, अर्थ, लिंग-वचन
माझ्या अक्षरात भरलेली वही
कपाटातच राहू दिली.
दुसऱ्या कडव्यात फीत अडकली.
पेन्सिल शोधते आहे.