जवारी

गदगच्या हिरेमठबाईंनी तंबोरा पाठवला नाही,
तंबोऱ्याचा आवाज पाठवला.
मिरजेत, आमच्या गल्लीत, तो पोचला
तेव्हा आवाजासारखा दिसत नव्हता.
पडद्यावर नुसती अक्षरं,
मोठा ए, छोटा क्यू, अधिकचिन्ह, तिरपी रेघ,
कुठं श्वास घ्यायला जागा नाही,
आणि शेवटी दोन बरोबरची चिन्हं,
उत्तर न लिहिता सोडलेल्या गणितासारखी.

बाबालालचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे काय रं? बाई रागावल्यात का काय?"
मी म्हटलं, ही स्ट्रिंग आहे.
"म्हणजे तार."
तारच. पण हिची फाइल करायचीय.
त्यांनी खोक्यातनं कानस काढली,
कीबोर्डशेजारी ठेवली.
"घे. बारीक आहे. सांभाळून मार."

फॉर्म माझाच.
बाईंनी मोबाइलसमोर वीस सेकंद तारा छेडल्या
आणि माझ्याच कोडनं तो आवाज मजकुरात कोंबला,
कारण त्या वाटेनं मजकूरच तेवढा जातो.
वजन एक तृतीयांशानं वाढलं.
पार्सल करताना भोपळ्याभोवती
आम्ही पेंढा भरतो, तसं.

पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचं कापलं.
ते लेबल होतं: आत ऑडिओ, बेस चौसष्टात बांधलेला.
बाकीचं एटूबीकडं दिलं, उलगडलं,
ब्लॉबमध्ये ओतलं,
चाचांच्या कानाला हेडफोन लावला.
"काय येईना."
प्लेअर होता, बटण होतं,
शून्य मिनिटं शून्य सेकंद.
आकार बघितला तर हवा त्याच्या दीडपट.

दुपार त्यात गेली. संध्याकाळही.
शेजारी कुणीतरी पॉलिश मारत होतं,
लाखेचा वास माझ्या चुकांवर बसत गेला.

मग दिसलं.
एटूबीनं दिली ती अजून अक्षरंच होती,
बाइटांचं सोंग घेतलेली.
ब्लॉब भोळा. त्यानं ती खरी मानली
आणि आपल्या वळणात पुन्हा लिहून काढली.
एकशे सत्तावीसच्या वरचं प्रत्येक
दोन जागा अडवून बसलं.

म्हणून एकेकाला उभं केलं.
नाव नको, नंबर सांग.
शून्य ते दोनशे पंचावन्न,
ज्याचा त्याचा खण, ज्याचा तो आत.
वाचायचं नाही. अर्थ लावायचा नाही.
चार अक्षरांमागं तीन बाइट.

चाचा बशीतनं चहा पीत ऐकत होते.
"तंबोऱ्याला तारा चार, सूर तीन.
मधल्या दोन जोडाच्या.
हे आमच्यात लई आधीपासनं आहे."
मी म्हणणार होतो, तसं नाही ते.
म्हटलं नाही.

फाइलला नाव लागतं,
नाहीतर ती ब्लॉबच राहते, नुसता गोळा.
काय लिहू, विचारलं.
"ऐकल्याबिगर नाव कसं ठेवू?"
मग मी 'तात्पुरतं' लिहिलं आणि बटण दाबलं.

पंखा. लांब कुठंतरी कुकर.
बाई खोकल्या.
मग तार.

चाचा खिडकीतनं रिक्षा मागं घेणाऱ्या पोराकडं बघत होते.
बाराव्या सेकंदाला म्हणाले, "थांब. मागं घे."
पुन्हा तार.
"पंचम बोलत नाही. घोडी खाल्लीय तारेनं.
दोरा सरकवून भागायचं नाही.
तंबोराच पाठवा म्हणावं."

एवढं सगळं करून
शेवटी तंबोराच.

"आता लिही नाव," ते म्हणाले.
'गदग, घोडी झिजली.'
मी लिहिलं, उतरवून ठेवलं,
टॅब बंद केला.
ब्लॉबचा पत्ता टॅबबरोबरच गेला,
तो तेवढ्यापुरताच असतो.

कानस अजून कीबोर्डशेजारी आहे.
तिच्या दातांतला हाडाचा भुगा
एस आणि डीच्या फटीत सांडलाय.
फुंकर मारून बघितली.
निघत नाही.