घडी

साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत
चौथ्या दिवशी नळाला पाणी यायचं.
"आवर्तन : चार", मी वहीत लिहिलं, सातवीत असताना.
मग एकदा ते पाचव्या दिवशी आलं,
मग तिसऱ्या,
मग रात्री अडीचला, न सांगता.
आई घागर उशाशी घेऊन उंबऱ्यात झोपायला लागली.
मी वही बंद केली नाही.

नानांचे कान मागांनी नेले.
एका शेडमध्ये अठ्ठावीस माग, वर पत्रा.
ते ओठ वाचायचे, पण तेलुगूच;
मराठी ओठ त्यांना जरा जड जायचे.
जॅकार्डचे पुठ्ठे ते स्वतः टोचत :
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली,
आणि शेवटचा पुठ्ठा पहिल्याला शिवलेला,
म्हणून मोर संपायचा नाही, मोरामागून तोच मोर.
"आणि शिवलाच नाही तर?"
ते हसले. "मग नक्षी होत नाही, बिड्डा,
नुसतं लांबत जातं."
पुढे बत्तीस वर्षं मी
त्या न शिवलेल्या पुठ्ठ्याचाच हिशेब केला.

पीएच.डी. कशात, असं गल्ली विचारायची.
मी काशक्काला म्हटलं, चादरीचं ते टोक धर.
कुंकवाचे दोन टिपके लावले, अगदी खेटून.
ताण. दुमड. पुन्हा ताण. दुमड.
(चादर ताणत नाही, हे मला ठाऊक होतं.
कणीक घ्यायला हवी होती.
पण आमच्या गल्लीचा विश्वास चादरीवर.)
सहाव्या घडीला एक टिपका तिच्या अंगठ्याखाली,
दुसरा माझ्या कोपराशी.
"कुणी ढकललं गं त्याला?"
कुणी नाही. नियम एकच होता, दोघांना सारखा.
काशक्का घडी तशीच धरून उभी राहिली.
"माझ्या पोरांचं असंच झालं," म्हणाली.
हे मला प्रबंधात कुठे घालता आलं नाही.

ब्याण्णव साली माझा निबंध छापून आला. सतरा पानं.
सातव्या पानावर एक ओळ : "हे उघड आहे."
अठ्ठ्याण्णवचा मे, पारा त्रेचाळीसवर,
पोस्टमन दारात पाणी मागत उभा,
आणि क्राकोवच्या कुणा अनोळखी माणसाचं पत्र :
डॉ. येमूल, मला ते उघड दिसत नाही.

मी पाहिलं. मलाही दिसेना.

सहा वर्षं गेली त्या एका ओळीत.
मधे पेपरांचे गठ्ठे, सुपरव्हिजन,
मधे नाना गेले,
मधे शेडमधले माग भंगारात गेले, किलोच्या भावानं,
आणि गल्ली इतकी शांत झाली
की मला विचार करायला जमेना.
शेवटी सिद्धांत वाचला तो निम्मा :
सगळ्या घड्यांसाठी नाही,
ज्या पुरेशा सावकाश पडतात, त्यांच्यासाठीच.
लहान झाला. खरा झाला.
त्या माणसाला मी चादर पाठवली, नानांच्या हातची, मोरांची.
उलट टपाली त्यानं विचारलं, आवर्तन किती?
एकशे चव्वेचाळीस पुठ्ठे, मी कळवलं.

निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले,
बाईंनी सोलापूर सोडलं नाही, बाई म्हणजे स्थिर बिंदू.
टाळ्या. शाल. नारळ.
मला उठून सांगायचं होतं, सर,
स्थिर बिंदू दोन जातींचे असतात.
टोकावर उभी केलेली पेन्सिलही स्थिरच असते,
कुणी श्वास सोडेपर्यंत.
मी नारळ सांभाळत बसून राहिले.

आता रात्रीचे अडीच.
नळ खाकरतो. पाणी नाही अजून, नुसती हवा.
मी दिवा लावते,
वही उघडते,
तारीख घालते.