ग की ज

तुर्भे स्टोअरच्या शाळेत तिसरीचा वर्ग माझा.
खिडकीतून पुलाचं पोट दिसतं
आणि फळबाजाराकडे वळणाऱ्या टेम्पोंची रांग.

पुस्तकात ए फॉर ॲपल आहे. असू दे.
रेवणसिद्धच्या वहीला खरी ॲपलं चिकटलीत,
नखाएवढे स्टिकर, कडा वळलेले,
कुणी इराणचं, कुणी न्यूझीलंडचं,
फळ कुणी खाल्लं ठाऊक नाही,
याच्याकडे सालीवरचं नाव तेवढं आलं.
"बाई, वाचू?"
वाच.
तो 'गाला' वाचतो, स्वतःचा गाल ओढून,
आणि वर्ग हसून हसून बाकाखाली जातो.

मी एबीसीडी पाचवीत शिकले, मेढ्याला.
डी.एड.ला उभं राहून मी आयलंडला इसलँड म्हटलं
तेव्हा मागच्या बाकावरून जो आवाज आला
तो अजून येतो,
इंग्रजीच्या तासाला खडू उचलला की.

ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, अक्षराचं नाव नको, आवाज शिकवा.
ब्, ॲ, ट्. बॅट.
अक्षरं कापायला मी पुठ्ठे आणायला सांगितले
आणि दुसऱ्या दिवशी अर्धा बाजारच वर्गात आला,
डाळिंबाच्या, किवीच्या, द्राक्षांच्या पेट्यांचे तुकडे,
कापायच्या आधीच अक्षरांनी भरलेले.
एकावर लाल, ठसठशीत शब्द होता.
तो मी फळ्यावर उतरवला आणि ठासून वाचला :
फ्रॅगाइल.
अडतीस तोंडं म्हणाली, फ्रॅगाइल!

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीआड
मोबाइल कानाला लावला. आतली बाई शांतपणे म्हणाली : ज.
पुन्हा दाबलं. पुन्हा ज.
तिकडे मैदानात माझा ग पकडापकडी खेळत होता,
"तू फ्रॅगाइल! तुझ्यावर राज्य!"

रात्री भाकरी थापताना ठरवलं, विसरतील ती.
पीठ मळताना ठरवलं होतं, सांगायचं.
सकाळी खडू घेतला, मागचा बाक हसायच्या आत म्हटलं :
काल मी चुकले.

पंख्याचा तेवढा आवाज.
मग रेवणसिद्ध, अगदी माझ्याच सुरात :
"पाच वेळा लिहा, बाई."

लिहिलं. तो बोटांवर मोजत होता.
चौथ्या वेळी माझा एल थोडा वाकला,
"नीट!" मागून कुणीतरी ओरडलं.
त्या दिवशी जे कधी तोंड उघडत नाहीत
तेही चुकीचं वाचायला हात वर करून बसले होते.

"पण गोटमध्ये ग, मग इथे ज का?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच नव्हतं माहीत.
तेव्हा शबिस्ता उभी राहिली.
गोंड्याहून आलेली, जूनमध्ये तिच्या 'चमचा'ला
हा सगळा वर्ग हसला होता
(मीही, ओठ दाबून).
"बाई, तुमचा च पण तसाच.
चार म्हणता तेव्हा एक, चारा म्हणता तेव्हा दुसरा.
लिहिता एकच.
मी विचारलं का कधी, का म्हणून?"

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. चार. चारा.
चाळीस वर्षं तोंडात होतं
आणि जिभेने कधी सांगितलं नव्हतं.

शाळा सुटताना रेवणसिद्धचे वडील आले,
खांद्यावर टॉवेल, माथाडीचा बिल्ला.
पोरगा पुठ्ठा नाचवत, "अप्पा, हे काय लिहिलंय सांग!"
त्यांनी शब्दाकडे बघितलंही नाही.
शेजारच्या पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं.
"हळू ठेवायचं. वीस वर्षं ठेवतोय की."
आणि पुठ्ठा उलटा धरलाय म्हणून
पोराच्या हातात तो सुलटा करून दिला.

महिनाअखेरचा तक्ता भरायचाय अजून.
इंग्रजी वाचन : अक्षर, शब्द, वाक्य, उतारा.
शबिस्तापुढे कुठे खूण करू, कळत नाही.
रकाने चारच आहेत.
पहिला च.