वीस सेकंद

नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव, न्यूफाउंडलंड, सेंट जॉन्स बंदर.
धुकं इतकं, की जहाजं भोंग्यावरून ओळखायची.
लिअँडर हाइन्सच्या कंपनीत आम्ही पाच जण,
एक गळकं कॉफीयंत्र, आणि मागच्या खोलीत
दोनशे चाळीस कॅमेरे, थर्माकोलात निजलेले.

माझं काम म्हटलं तर सोपं:
लोकांना पटवायचं, की त्यांना एक गोष्ट हवी आहे,
जी हवी आहे हे त्यांना अजून ठाऊक नाही.
व्हिडिओ ई-मेल.
मी लिहिलं, ‘पत्राला आता चेहरा.’
लिअँडर म्हणाला, चेहरा राहू दे, क्रांती घाल.
घातली. दोन ठिकाणी घातली.
एकोणतीस वर्तमानपत्रांना फॅक्स केले.
एकाचा फोन आला,
आमचा कागद कशाला संपवता म्हणून.

बाजारात तुरी,
आणि इकडे कुणाचे शेअर किती
यावरून दोघांचं बोलणं बंद.

शेवटी मॉलमध्ये टेबल मांडलं,
चपलांचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधोमध.
‘दूर गेलेल्या आपल्या माणसाला
वीस सेकंद पाठवा. फुकट.’
दूर म्हणजे अल्बर्टा, हे लिहावं लागलं नाही.
कॉड मासा संपला तशी
गावागावातली पोरंही त्याच्यामागोमाग संपली होती.

लोक आले. खुर्चीत बसले. आणि अडले.
कागदावर असतं बाई सा.न.वि.वि.,
तोंडाने सुरुवात कशी करायची?
पडद्यावर तिकिटाएवढी चौकट,
ओठ आधी हलणार, शब्द मागून धापा टाकत येणार.
त्या चौकटीत स्वतःला बघून
जो तो केस सारखे करायचा, हनुवटी उचलायचा,
आणि वेळ संपायची.
ज्याला पाठवायचं त्याचं नाव घ्यायचं राहून जायचं.
(बाजार खरं तर तिथेच होता, माझ्यासमोर.
मला तेव्हा ते नुसतं हसू आलं.)

ड्युल्सी नोजवर्दी आल्या तेव्हा दुकानं बंद होत होती.
‘कुठे बघू, म्हणजे त्याला वाटेल
मी त्याच्याकडे बघतेय?’
हा प्रश्न आमच्या माहितीपुस्तकात नव्हता.
त्या काळ्या भोकात बघा, मी म्हटलं,
पडद्यावर तुम्हीच दिसाल.
‘मला मी काय करायचीय?’
त्यांनी गळ्यातला रुमाल काढून पडद्यावर टाकला.

‘केल्विन, मागची पायरी बदलली. माझी मीच.’
एवढंच. चार सेकंद.
उरलेले सोळा त्या भोकाकडे बघत राहिल्या,
जसं कुणी विहिरीत बघतं
पोहरा तळाला लागेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी फोर्ट मॅकमरीच्या वाचनालयातून उत्तर आलं,
साधं, टाइप केलेलं:
‘उतरायला चाळीस मिनिटं लागली.
बाई दोनदा उठवायला आल्या.
आई, पायरी दाखव.’

मी ते जसंच्या तसं प्रसिद्धीपत्रकात घातलं.
लिअँडरने लाल पेनने वर्तुळ काढलं:
यात क्रांती कुठे आहे?

कॅमेऱ्याची वायर दीड मीटर.
ड्युल्सींचं घर बावीस मैल.
मी हे त्यांना समजावून सांगितलं, माफी मागितली.
त्यांनी मान डोलावली, गेल्या.

पुढच्या शनिवारी, ऐन गर्दीत,
चपलांच्या दुकानापासून माणसं बाजूला होऊ लागली.
ड्युल्सी एक फळी घेऊन येत होत्या,
काळी पडलेली, मधे पिचलेली, तीन खिळे अजून त्यात.
टेबलावर ठेवली. कॅमेऱ्यासमोर उभी केली.

‘नवी आणता येत नाही,’ म्हणाल्या,
‘ती ठोकलेली आहे.
ही जुनी. ही तो ओळखेल.’

आणि दोन्ही हातांनी धरून राहिल्या,
चौकटीत स्वतः येणार नाहीत अशा बेताने.
मी बटण दाबलं.
वीस झाले तरी दाबूनच ठेवलं.