खुलासा

मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, जिंतूर

साहेब,
तेवीस मे, दुपारी दोन सत्तावीस ते दोन एकोणचाळीस
गेटवर मी नव्हतो. हे खरं आहे.
खुर्चीवर टोपी ठेवून गेलो, तेही कॅमेऱ्यात दिसतंय.

कारण लिहितो.
कारण जरा लांबून येतं.

बारावीला बायोत अठ्ठावन्न होते, म्हणून
परभणीच्या ग्राउंडवर सगळ्यांच्या पुढं पळूनसुद्धा
मला बंदुकीआधी बँडेज मिळालं.
लखनौला आम्ही एकमेकांच्याच दंडात सुया खुपसून शिकलो.
माझ्या डाव्या कोपरात अजून एका मणिपुरी पोराची चूक आहे,
त्याच्या कोपरात माझी.
कुठं असेल ती आता.

पुढं चौदा हजार फुटांवर पाहिलं,
थंडीनं जवानाची शीर आत पळते.
तिथं सुईच्या आधी काख लागते.
त्याचा हात आपल्या काखेत दाबून बसायचं
आणि बोलत राहायचं काहीबाही,
म्हैस कितीला घेतली, बहिणीचं कुठं ठरलं.
डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर.
मग शीर येते. बोलावल्यानं नाही,
मांजरासारखी, आपल्या मनानं.

गावात विचारतात, मुंजाजी, किती मारले?
मी शिरांचं सांगाय लागलो की
लोक तंबाखू मळाय लागतात.

पेन्शनीनंतर तुमच्याच ऑफिसात अर्ज आणला होता.
बावीस वर्षं लिहिली होती त्यात, पण कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नव्हतं.
घोरपडे बाबूंनी फाईल परत दिली, चहा पाजला,
गेटची जागा खाली आहे म्हणाले.
तक्रार नाही. कडुलिंबाची सावली आहे.

त्या दिवशी वीटभट्टीवरून बाई आणली.
सिस्टरनं तीनदा टोचलं.
पोरगी नवीन आहे, तिचं नाव यात लावू नये.
त्रेचाळीसच्या उन्हातबी शीर आत पळते, साहेब.
हे मला लष्करानं शिकवलं नव्हतं.

सुई मी धरली नाही. नियम माहीत आहे.
बाईचा हात खाटेखाली सोडला,
तळव्याला तळवा लावून बसलो,
विचारलं, लेकरू कुणापाशी ठेवून आलीस माय?
मग मनगटाच्या जरा वर बोट टेकवून म्हणलं,
हितं.

त्या बारा मिनिटांत एक टँकर आणि दोन कुत्री
नोंद न होता आत आली.
टँकर पाण्याचा होता.
कुत्री मी नंतर हाकलली.

आपला,
मुंजाजी दुधाटे
गेट क्र. १