मानस

चोडणात मनाला मनच म्हणावं लागतं.
मानस हा शब्द बांधात गुंतलेला आहे:
जांभ्याची चौकट, माट्टीच्या फळ्यांची दोन झापं.
भरती आली की नदीच ती लोटून घेते,
ओहोटीला आपसूक उघडतात.
माझा बाप फटी, तीस वर्षं ती राखतो.
राखणं म्हणजे काय, तर
फटींत चिखल भरणं, चंद्राचा हिशोब ठेवणं,
आणि मांडवीला दिवसातून दोनदा नाही म्हणणं.

यंदा कोजागरीच्या भरतीला खालची फळी गेली.
पहाटे खाजनात खारं पाणी,
दुधात आलेल्या कोरगुटाच्या गुडघ्यापर्यंत.
कोरगूट खार सोसतं. पण इतका?
बाप कमरेइतक्या पाण्यात पेंढा कोंबत होता
आणि नदीशी जे बोलत होता
ते घरी कधी कुणाशी बोलला नाही.

त्याच आठवड्यात फेरीबोटीत सुलक्षाला आकडी आली.
दोन स्कूटरींच्या मधे, रायबंदर समोर दिसत असताना.
मी तिच्या नाकात फवारा मारला, घड्याळ बघितलं.
कुणी चप्पल पुढं केली, कुणी कांदा.
खलाशानं इंजिन मंद केलं,
जणू आवाजच तिला दुखत असावा.
साडेतीन मिनिटं.
मग जबडा सैल, आणि लाळ पुसत ती:
"धक्का आला?"

बांबोळीला माझं काम मोजण्याचं.
आईस्क्रीमच्या डब्यात बर्फ घालून नेली मी
खार प्यालेली पाती,
कुटली, गाळली, यंत्राला पाजली.
कागदावर एक सुळका उभा राहिला: गाबा.
गॅमा अमायनो ब्युटिरिक आम्ल,
पूर्ण नाव रोज कोण घेतं.
शेजारी प्रोलिन, ग्लायसिन, अलानिन,
दुखवट्याला जमलेली भावकी.

चार कार्बनांचा एवढासा जीव.
जीव तरी कसा म्हणू;
जीव टांगणीला लागतो तिथं असतो, इतकंच.
आधी बटाट्यात सापडला, मेंदूत नंतर.
(मेंदूला याचा राग अजून असेल.)
ग्लुटामेट ओरडतो: पेट, पुढच्याला सांग, पेट.
त्याच्या अंगचा एक कार्बन सुटला,
बुडबुड्याएवढा, श्वासासोबत जाणारा,
की उरलेला तोच म्हणतो: थांब.
इतकंच अंतर.
सुलक्षाच्या डोक्यात ते कधीकधी कापलं जात नाही.

आणि इथं माझी उपमा मोडते.
बापाचं मानस खार बाहेर ठेवतं.
पेशीचं दार मात्र गाबानं ठोठावलं की उघडतं
आणि खार आत येतो, मिठातला क्लोराइड,
तेव्हा कुठं पेशी गप्प होते.
ज्यानं आमचं पीक जातं
त्याची ओंजळभर वाट बघत
माझी बहीण फेरीबोटीत तडफडली.
आणि आईच्या पोटात असताना हेच दार
उलटं चालायचं म्हणे:
गाबानं निजवलं नाही, उठवलं तिला.
नाही म्हणायला पेशीही मागाहूनच शिकतात.

बापाला सांगितलं, पात्यांत गाबा तिप्पट झालाय.
"म्हणजे पीक वाचेल?"
माहीत नाही.
यंत्र किती ते सांगतं.
भातानं तो ढाल म्हणून केला, की नुसता कण्हला,
हे सुळक्यावर लिहिलेलं नसतं.
त्यानं मान हलवली, नवी फळी तासायला घेतली.

सुलक्षा बांधावर बसून
लोंब्यांचे दाणे नखानं दाबून बघत होती.
पोचट ते नदीकडे,
भरलेले ओटीत.
ओटी तशी हलकीच होती.
गोळीची वेळ झाली,
हे मला तिनंच सांगितलं.