पुढच्या दिवाळीला

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कात्रण आहे.
पुतण्यानं बेंगळुरूहून आणलेलं, आता पिवळं.
त्यात एक पडदा, दोन बोटं जाड,
भिंतीवर कॅलेंडरसारखा टांगलेला.

वडगावात, मागांच्या खडखडाटात
तेवीस वर्षं मी टीव्ही उघडतो,
पाठीकडून.
आत काचेच्या मानेत तीन बंदुका.
साऱ्या चित्राला त्याच पुरवायच्या,
डावीकडून उजवीकडे, वरून खाली,
सेकंदाला पन्नास खेपा.
म्हणून एवढी ढेरी. म्हणून उचलायला दोन माणसं.
म्हणून माझा हा अंगठा:
बटण बंद केलं तरी आत वीज
दबा धरून बसलेली असते.

कात्रणात लिहिलंय,
आता प्रत्येक ठिपक्याला स्वतःची बंदूक.
उभ्या तारा, आडव्या तारा,
छेदतील तिथं उजेड.
आणि काळं म्हणजे खरंच काळं.

इराप्पा ढवळी त्याचा सेट न्यायला आला होता,
भुवयांवर रेशमाची फुसं.
त्यानं दोनदा वाचायला लावलं.
"हौदा? मग हा मागच की रे.
ताणा आन् बाणा.
आमच्यात उजेड पडत नाही, एवढंच."
मग दारातून परत वळून:
"एक धागा तुटला तर?"
रेघ दिसेल, म्हटलं.
"आन् सांधणार कोण?"

मी त्याच्या सेटला फडकं मारत राहिलो.

त्याच्या आईला धारवाड लागायचं, सुनेला कोल्हापूर.
अँटेना फिरवायला मीच चढायचो पत्र्यावर.
वारा सुटला की बातम्या देणाऱ्या बाईच्या मागं
दुसरी एक बाई उभी राहायची, पुसट,
ओठ वेगळेच हलवत.
दोघी सासवा-सुना गप्प बसून बघायच्या.

ती दिवाळी आली, पडदा आला नाही.
पुतण्या म्हणाला, पुढच्या.
पुढच्या दिवाळीला त्यानं विषयच काढला नाही.
खडेबाजारात दुसरेच चपटे आले,
बाजूनं बघितलं तर काळ्यात राख कालवलेली.
मी गिऱ्हाइकाला सांगतो, थांबा थोडं,
याहून बरा एक यायचाय.
थांबतंय कोण.
जुना सेट मला फुकट देऊन जातात,
वर विचारतात, ठेवणार कुठं?

आज साडेआठला लाईट गेली.
माग सगळे एकदम थांबले.
समोरच्या सेटमधलं चित्र मध्यावर गोळा झालं,
ठिपका झालं, गेलं.
काळं म्हणजे खरंच काळं.

गल्लीपलीकडं इराप्पाची बॅटरी हलतेय.
धागा तुटला असणार.